नऊ गाण्यांत एकही श्वास नाही

छोटीचा कान तिखट आहे, हे सगळ्यांत आधी तिच्या दादाला कळलं होतं. लहानपणी तो खाऊ लपवायचा आणि ती नुसत्या डब्याच्या झाकणाच्या आवाजावरून सांगायची, वरच्या फळीवर, डावीकडे. पुढे ती त्रेचाळीस वर्षांची झाली, उंचीने दादापेक्षा दोन बोटं वर गेली, तरी घरात छोटीच राहिली. त्या कानांवरच तिचं पोट चालायचं. दिवसभर ती एका तपासणी केंद्रात लोकांचे कान तपासायची आणि वर्तमानपत्राच्या शनिवारच्या पुरवणीत ‘तिखट कान’ नावाचं सदर लिहायची. त्यात दर आठवड्याला पाच नव्या अल्बमांची शिफारस असे. मोठमोठे फलक लागतात तसले अल्बम नव्हेत. कुणी स्वयंपाकघरात, कुणी गॅरेजमध्ये रेकॉर्ड केलेले, दोनशे-तीनशे प्रती काढून घरीच कव्हरं चिकटवलेले. इंडी म्हणतात ते. आणि त्यातही आर्ट-पॉप तिच्या विशेष जवळचं. हे आर्ट-पॉप म्हणजे असतं तरी काय, असं वहिनीने एकदा विचारलं, तेव्हा छोटी म्हणाली होती, “पॉपच. फक्त पाहुणे येणार म्हणून घर आवरत नाही.”

तिचं दिवसाचं काम मात्र संशयाचं होतं. खोलीत खोली असावी तशी एक जाड अस्तराची बंद जागा, तिला एक काचेची खिडकी. माणूस आत हेडफोन लावून बसणार, बाहेरून छोटी बारीक-बारीक आवाज सोडणार, आणि ऐकू आला की त्याने हातातलं बटण दाबायचं. एवढ्या साध्या गोष्टीतही लोक लबाडी करत. कुणाला गाडी चालवायचा परवाना टिकवायचा असे, तो काही ऐकू न येता बटण दाबत राही. कुणाला कारखान्याकडून भरपाई हवी असे, तो खणखणीत ऐकू येऊनही मख्खासारखा बसे. छोटीला दोघेही पाच मिनिटांत कळत. तोंडाला खोटं बोलायची सवय असते, अंगठ्याला नसते, असं ती म्हणे. वीस वर्षं हेच केल्यावर बाहेरच्या जगातही समोरचा बोलू लागला की तिची नजर आधी त्याच्या हातांकडे जाई.

दादाचं रेकॉर्डचं दुकान केंद्रापासून दोन गल्ल्या सोडून होतं. दुकानातल्या एका भिंतीवर तो छोटीची पाचाची यादी खडूने लिहून ठेवायचा. एका मंगळवारी दुपारी ती डबा खायला तिथे गेली, तेव्हा त्याने काउंटरखालून एक रेकॉर्ड काढून तिच्यापुढे ठेवली. पांढरं कव्हर, त्यावर निळ्या शाईत एक किटली. गाणाऱ्याचं नावही तेच, ‘निळी किटली’. अल्बमचं नाव ‘पायऱ्या मोजताना’. मागच्या बाजूला नऊ गाण्यांची नावं आणि एक ईमेलचा पत्ता, बाकी काही नाही.

कुणी आणून दिली, असं छोटीने विचारलं. दादा म्हणाला, आली अशीच. ती आणखी खोदून विचारणार, तेवढ्यात त्याने सुई टेकवली, आणि मग विचारायचं राहून गेलं.

बाईचा आवाज होता. खाली एक जुनाट वाजणारा ऑर्गन, कुठे डब्यावर ताल, कुठे कात्रीच्या पात्यांसारखी कचकच. आवाज फार मोठा नव्हता, पण असा सलग वाहत होता की मधे कुठे बोट घालायला जागा नव्हती. शिवाय ‘ळ’ म्हणताना ती बाई जरा अडे. जीभ टाळूला टेकून तिथेच क्षणभर राही, आणि मग सुटे. ‘सावळ्या’ म्हणताना, ‘वेळ’ म्हणताना. छोटीचा घास हातातच राहिला. त्या शनिवारी पाचांत पहिलं नाव निळ्या किटलीचं होतं, आणि त्या अडणाऱ्या ‘ळ’चं कौतुक करून तिने लिहिलं, ‘यंदा ऐकलेला हा सर्वांत जिवंत आवाज.’ आठवड्याभरात दादाकडच्या सगळ्या प्रती संपल्या आणि त्याने आणखी मागवल्या.

मास्तरांचं पत्र आलं ते त्यानंतर बाराव्या दिवशी. मास्तर म्हणजे रेडिओवरून निवृत्त झालेले ध्वनिमुद्रक. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांचे आवाज टिपले होते. छोटीचं सदर ते पहिल्या लेखापासून वाचत आणि महिन्याकाठी एक पोस्टकार्ड पाठवत. त्यात बहुधा दोन ओळी कौतुकाच्या आणि एक कान उपटणारी असे. या वेळी लिफाफा होता. आत लिहिलं होतं, ‘पायऱ्या मोजताना मी तीनदा ऐकला. नऊ गाण्यांत एकही श्वास नाही. तिसऱ्या गाण्यात एकतीस सेकंद न थांबता एक ओळ चालते. एवढी छाती मी आयुष्यात पाहिली नाही. हे माणसाने गायलेलं नाही, संगणकाने बनवलेलं आहे. तुमची फसवणूक झाली आहे, किंवा’ — आणि त्यापुढे त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं. नुसती रेघ ओढून खाली सही केली होती.

त्या ‘किंवा’ने छोटीच्या डोक्यात घर केलं. दुसऱ्या दिवशी तिने जेवणाच्या सुट्टीत तपासणीचे हेडफोन लावले, खोलीचं दार ओढून घेतलं आणि अल्बम पहिल्यापासून ऐकला. आता ती गाणी ऐकत नव्हती, श्वास शोधत होती. गाणारा माणूस ओळ सुरू करायच्या आधी हवा ओढतोच. कितीही साफसफाई केली तरी कुठे तरी एखादा राहतो. इथे नव्हता. ओळ संपे आणि दुसरी सुरू होई, मधे कापसासारखी शांतता. ज्या सलगपणावर ती भाळली होती, तोच आता तिला नको इतका नीटनेटका वाटू लागला. आणि तो ‘ळ’? तोही मुद्दाम घातलेला असेल. माझ्यासारखीच कुणी तरी भुलावी म्हणून.

संध्याकाळी ती दुकानात गेली आणि दादाला सरळ विचारलं, ही रेकॉर्ड तुला कुणी दिली? दादा कव्हरं पुसत होता. म्हणाला, ओळखीतल्या एकाने. कोण ओळखीतला? तू नाही ओळखत. गायिका कोण आहे? ते मला कसं ठाऊक असणार? एवढं बोलून तो परत कव्हरं पुसायला लागला, आणि छोटीने त्याच्या हाताकडे पाहिलं. फडकं एकाच लयीत फिरत होतं. पुसून लखलखीत झालेलं कव्हरच तो पुन्हा पुसत होता.

“दादा, तू माझ्याशी खोटं बोलतो आहेस.”

“खोटं नाही बोलत. सांगत नाही एवढंच,” तो म्हणाला. “फरक आहे त्यात.”

तिला फरक दिसला नाही. कुठे तरी पाणी मुरत होतं एवढंच दिसलं. आपल्या सदरात नाव आलं की खप होतो; दादाचं दुकान गेली दोन वर्षं कसंबसं तग धरून होतं; कुणी तरी त्याला गाठलं असेल, आणि त्याने भावाच्या हक्काने बहिणीच्या डब्याशेजारी ती रेकॉर्ड ठेवली असेल. असं काही आपण आपल्या दादाबद्दल मनात आणतो आहोत, याची तिला लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून संशय काही हटला नाही. उलट त्या दिवसापासून त्याचं प्रत्येक वाक्य तिला दोन अर्थांचं ऐकू येऊ लागलं. वहिनीने फोन करून रविवारी जेवायला ये म्हटलं, तर छोटीला वाटलं, ही आता मला शांत करायला बोलावते आहे. ती गेली नाही.

कव्हरवरच्या पत्त्यावर तिने ईमेल पाठवला. गायिकेला भेटायचं आहे, नाही तर निदान फोनवर बोलायचं आहे. चार दिवसांनी उत्तर आलं: ‘गायिका कुणालाही भेटत नाही. गाणी ऐकावीत ही विनंती.’ खाली नाव नव्हतं.

तेव्हा तिने तो दुसरा लेख लिहिला. मथळा दिला, ‘श्वास कुठे आहे?’ आरोप असा थेट केला नव्हता. एकतीस सेकंदांची ओळ, कापसासारखी शांतता, न भेटणारी गायिका, निनावी ईमेल, हे सगळं एकाखाली एक मांडलं आणि शेवटी लिहिलं, की ज्या आवाजाला मी जिवंत म्हटलं त्याच्या जिवंतपणाची खात्री आज मला देता येत नाही, वाचकांनी माफ करावं. संपादक खूश झाले. एरवी आतल्या पानाच्या कोपऱ्यात बसणारं सदर त्यांनी चौकटीत घालून पहिल्या पानावर घेतलं.

मग काय, पत्रांचा पाऊसच. आम्हाला पहिल्यापासून शंका होती असं सांगणारेच त्यात जास्त. दादाच्या दुकानात लोक रेकॉर्डी परत घेऊन आले. कुणी तरी दुकानाच्या काचेवर लावलेल्या निळ्या किटलीच्या चित्रावर जाड पेनाने ‘यंत्र’ असं लिहून ठेवलं. दादाने परत आलेल्या रेकॉर्डी मुकाट्याने घेतल्या, काच पुसली, आणि त्या शनिवारपासून भिंतीवर छोटीची यादी लिहायची बंद केली. तिच्याशी बोलणंही बंद केलं.

पंधरा दिवसांनी, एका गुरुवारी दुपारी साडेतीनची वेळ घेऊन एक बाई तपासणीला आली. असेल सदतीस-अडतीसची. गळ्याभोवती रुमाल, अंगात नेटका शिवलेला करडा कोट. तक्रार काय, तर ‘ऐकण्याबद्दल आहे’ एवढंच म्हणाली. छोटीने तिला आत बसवलं, हेडफोन लावून दिले, बटण हातात दिलं आणि बाहेर येऊन यंत्रापाशी बसली.

बाईचा अंगठा चोख होता. अगदी बारीक, मुंगीच्या पावलाएवढा आवाज सोडला तरी बटण पडे, आणि आवाज नसताना कधीच पडत नसे. कानांत काडीचाही दोष नव्हता. मग ही आली कशाला? छोटीच्या मनात पाल चुकचुकली. कान धडधाकट असताना तपासणीला येणारा माणूस कसल्या तरी कागदासाठी येतो. आतला मायक्रोफोन चालू होता, त्यामुळे बाईचा श्वास बाहेर ऐकू येत होता. प्रत्येक श्वासाच्या टोकाला किटलीच्या तोटीतून वाफ निघावी तशी बारीक शीळ वाजत होती. सर्दी असेल, असं म्हणून छोटीने तिकडे कानाडोळा केला.

“झालं का मॅडम?” बाईने आतून विचारलं.

“झालं. कान उत्तम आहेत तुमचे. तक्रार काय होती नक्की?”

“तक्रार तुमच्या कानांबद्दल होती,” काचेपलीकडून ती म्हणाली, आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवत गाऊ लागली.

तिसरं गाणं. एकतीस सेकंदांची ती ओळ. पण आता ती एकतीस सेकंदांची नव्हती. चार शब्द, मग ती शीळ. तीन शब्द, पुन्हा शीळ. खांदे वर ओढून, मानेच्या शिरा ताणून ती हवा आत घेत होती आणि हवा पुरी पडत नव्हती. ‘सावळ्या’वर आली, तेव्हा जीभ टाळूला टेकली, राहिली, सुटली.

छोटी यंत्रापाशी बसून राहिली. तिला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर हे, की ही कुणी नक्कल करणारी असेल. ‘ळ’बद्दल मीच लिहिलं होतं, ते वाचून कुणीही तयारी करून येईल. तिच्या चेहऱ्यावरचा तो विचार बाईला दिसला असावा. तिने पर्समधून एक लहानसा रेकॉर्डर काढला आणि काचेला टेकवून धरला. हे न कापलेलं, ती म्हणाली, तुमच्याच यंत्रावर लावून बघा.

छोटीने लावून पाहिलं. तोच ऑर्गन, तोच आवाज, तेच गाणं, आणि प्रत्येक तीन-चार शब्दांमागे ती शीळ. तिने डाव्या कानाला अल्बम लावला, उजव्या कानाला हे मूळ. दर श्वासाला अल्बम थांबवत गेली, तसे शब्द शब्दावर बसत होते. जिथे उजव्या कानात श्वास होता, तिथे डाव्या कानात तुकडे जोडलेले होते.

मग दोघी बाहेरच्या खुर्च्यांवर बसल्या आणि बाईने सगळं सांगितलं. सहा वर्षांपूर्वी तिचं एक फुप्फुस काढावं लागलं. त्याआधी ती एका गायकवृंदात होती. घरी आल्यावर ती गायली, तर ऐकणारे गाण्यात कुठे चुकतंय ते बघत नसत, तिला पाणी आणून देत. नवरा शिंपी. त्याने जुना संगणक घेतला, शिकून घेतलं, आणि ती तुकड्या-तुकड्यांनी गायलेली गाणी नऊ महिने बसून जोडली. साडेसातशेच्या वर श्वास त्याने एकेक करून कापले. दादाच्या दुकानात तोच गेला होता.

“पण का?” छोटीने विचारलं. “श्वास ठेवले असते तरी मी लिहिलं असतं.”

“लिहिलं असतं. पण काय लिहिलं असतं?” बाई म्हणाली. “माझी छाती ऐकली असती तुम्ही. गाणं नसतं ऐकलं.”

ते खरं होतं. एका फुप्फुसाची गायिका, असं वाक्य तिच्या डोक्यात आत्ता, या क्षणीही तयार झालं होतं.

दादाला हे ठाऊक होतं का, तिने विचारलं. पहिल्या दिवसापासून, बाई म्हणाली; मीच शपथ घातली होती, आणि तुमचा लेख आल्यावरही त्यांनी ती मोडली नाही. मग उठताना तिने आपलं मागणं सांगितलं. तुमची चूक झाली, एवढं लिहा. का झाली, ते लिहू नका. एक अक्षरही नको.

आता इथे छोटीचा कसा स्वभाव होता तेही सांगायला हवं. सगळं डोळ्यांनी पाहून, दोन्ही कानांनी ऐकूनसुद्धा तिचा संशय पुरता गेला नव्हता. शिंपी खरंच आहे का? संगणक आहे का? की दादाने आणि या बाईने मिळून हे रचलं? दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाईने तपासणीच्या अर्जावर दिलेल्या पत्त्यावर, न कळवता जाऊन धडकली.

तिसऱ्या मजल्यावर एक खोली. दोन शिलाई मशिनं, कापडाचे गठ्ठे, भिंतीला टांगलेले अर्धवट कोट, आणि खिडकीपाशी इस्त्रीच्या टेबलावर संगणक. पडद्यावर आवाजाची रेघ उघडी होती. शिंपी हडकुळा, चष्मा कपाळावर चढवलेला. ती कोण हे कळल्यावर त्याने बसा म्हटलं नाही.

“बायकोने सांगितलं तुम्हाला,” तो म्हणाला. “मी नसतं सांगितलं. कपड्याची उलटी बाजू आम्ही गिऱ्हाइकाला दाखवत नाही.”

छोटी माफी मागायला लागली. त्याने हातानेच पुरे असं केलं. चूक माझीच, तो म्हणाला, तिने निदान दोन-चार श्वास ठेव म्हटलं होतं. मलाच एकदा कापायला लागल्यावर मधे थांबता येईना. हे तो बोलत असतानाच खाली जिन्याचं दार वाजलं. बायको बाहेरून येत होती. छोटीच्या कानांनी, तिला नको असतानाही, मोजायला सुरुवात केली. सात पायऱ्या, थांबणं. ती शीळ. पाच पायऱ्या, थांबणं. शीळ मोठी झालेली. जिन्याची पोकळी तो आवाज वर वर आणत होती.

शिंपी उठला, मशिनवर बसला आणि त्याने मशिन सुरू केलं. खडखडाट खोलीभर झाला. सुईखाली कापड नव्हतं. नुसती सुई वरखाली होत होती आणि तो मान खाली घालून, जणू फार महत्त्वाची शिवण असावी तसा बघत होता. बायको दारात येऊन टेकली, तिने रुमालाने तोंड पुसलं आणि तिचा श्वास जागेवर आला, तेव्हा त्याने पाय उचलला.

छोटीने मान खाली घातली. ती त्या खोलीत आणखी पाच मिनिटं होती, पण काय बोलली ते तिला नंतर आठवेना.

त्याच दुपारी तिने चार ओळी लिहिल्या. ‘पायऱ्या मोजताना या अल्बमबद्दल मी व्यक्त केलेला संशय चुकीचा होता. आवाज माणसाचा आहे. मी स्वतः खात्री करून घेतली आहे. कशी, ते सांगणार नाही.’ संपादकांनी कागद वाचला आणि परत तिच्याकडे सरकवला. पुरावा द्या, ते म्हणाले, फोटो द्या, मुलाखत द्या, पुन्हा पहिल्या पानावर घेतो. हे असं छापलं तर लोक म्हणतील, तुम्हाला कुणी तरी गप्प केलं. छोटी म्हणाली, म्हणू देत. अर्धा तास घासाघीस झाली. शेवटी चार ओळी आतल्या पानावर, चष्म्याच्या जाहिरातीखाली छापून आल्या.

लोक तेच म्हणाले. आधी जे तिच्या चाणाक्षपणाचं कौतुक करत होते, त्यांनीच आता लिहिलं, की बाई विकल्या गेल्या. भावाचं रेकॉर्डचं दुकान असल्याचं कुणी तरी शोधून काढलं आणि तेही छापून आणलं. केंद्रातही एक-दोन सहकारी तिच्याकडे पाहून बोलता बोलता थांबू लागले. की त्यांचं बोलणं तेवढ्यात संपलेलंच असे, हे तिला ठरवता येईना.

आणि एका सकाळी मास्तर स्वतः आले. पंधरा वर्षं पोस्टकार्डं लिहिणारा हा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला. काठी, पांढरे केस, कानात तिच्याच केंद्रातून, दुसऱ्या कुणाकडून, कधी तरी घेतलेलं श्रवणयंत्र. खुर्चीच्या कडेला बसले.

“तुमच्यावर विश्वास आहे म्हणून विचारतो,” ते म्हणाले. “एकतीस सेकंदांची ओळ माणूस कशी गातो?”

“विश्वास असेल तर विचारू नका, मास्तर.”

“मी कुणाला सांगणार नाही.”

छोटीला ठाऊक होतं, हे खरंच कुणाला सांगणार नाहीत. सांगितलं असतं तर त्यांना आनंद झाला असता. कापलेल्या श्वासांची कारागिरी या माणसाइतकी कुणालाच कळली नसती. तिचे ओठ उघडलेही. मग तिला ती कापडाशिवाय चालणारी सुई दिसली. ती म्हणाली, “नाही सांगता येत.”

मास्तरांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. तिच्या हातांकडे पाहिलं. टेबलावरचं बटण ती मघापासून नकळत दाबत, सोडत होती, एका लयीत. ते सावकाश उठले, ठीक आहे म्हणाले आणि गेले. त्यानंतर त्यांचं पोस्टकार्ड आलं नाही.

दादाकडे ती रविवारी गेली. वहिनीने दार उघडलं आणि काही न विचारता आत जाऊन चहा टाकला. दादा टेबलावर एक बिघडलेला प्लेअर उघडून बसला होता. छोटी समोर बसली आणि म्हणाली, की मला वाटलं तू मला वापरलंस. दादा स्क्रू फिरवत राहिला. मग म्हणाला, “ते कळलं होतं मला. वाईट कशाचं वाटलं सांगू? तू विचारलंस, मी सांगत नाही म्हटलं, तर तुला एकच कारण सुचलं.” एवढं बोलून त्याने तिच्याकडे बॅटरी सरकवली आणि इथे उजेड धर म्हणाला. तिने धरला. तासाभराने प्लेअर दुरुस्त झाला.

संपादकांनी सदर बंद नाही केलं, लहान केलं. पाचाच्या जागी तीन अल्बम. छोटी ते लिहीत राहिली. नवी रेकॉर्ड लावली की पहिल्या गाण्यात तिचा कान अजूनही आधी श्वास शोधतो, मग ती चिडून सुई उचलते आणि पुन्हा पहिल्यापासून लावते. कधी दोनदा उचलावी लागते. त्या महिन्यात तिने दोन भावांचा एक अल्बम सुचवला, नुसत्या दारांच्या आणि कड्यांच्या आवाजांवर गायलेला. तो तिला खरंच आवडला आहे, की निर्धास्तपणे आवडून घेता येतो म्हणून आवडला आहे, हे तिला अजून नीट सांगता आलेलं नाही.

परवा ती दुकानात होती. दादा मागच्या खोलीत होता. एक अनोळखी तरुणी आली, रेकॉर्डी चाळता चाळता तिने पांढरं कव्हर बाहेर काढलं आणि विचारलं, हीच ना ती, मशिनवाली? छोटी म्हणाली, माणसाची आहे. तरुणीने तिच्याकडे जरा बघून घेतलं आणि विचारलं, कशावरून?

“ऐकून बघा,” छोटी म्हणाली आणि हेडफोन पुढे केले.

तरुणीने दोन गाणी उभ्याने ऐकली. छोटी काउंटरमागून तिचा चेहरा बघत होती, आणि तिला त्यातलं काही कळत नव्हतं. तिसरं गाणं सुरू झालं तसे तरुणीचे डोळे मिटले. ते संपल्यावर तिने हेडफोन काढले, रेकॉर्ड नीट कव्हरात घातली, होती तिथे परत ठेवली आणि दारांच्या आवाजांचा तो अल्बम घेऊन गेली.